डोळ्यांआड नको! : विमानातल्या पॉवर बँकेच्या नियमाची जन्मकथा

वसई-विरार भागातल्या शिक्षकांना हे चित्र परिचयाचे आहे. वर्गातल्या एखाद्या मुलाचे वडील आखातात नोकरीला असतात, कोणाचा काका जहाजावर असतो, कोणाची आत्या परदेशात स्थायिक झालेली असते. सुट्टी संपवून परत निघालेल्या माणसाची बॅग भरणे हा त्या घरात दिवसभराचा कार्यक्रम असतो. लोणच्याची बरणी तीन पिशव्यांत गुंडाळली जाते, सुकी मासळी वेगळी बांधली जाते, वजनकाट्यावर बॅग चार वेळा चढते-उतरते. आणि मग आतल्या खोलीतून कोणीतरी ओरडते, "अरे, ती पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाकू नकोस! विमानतळावर काढायला लावतील."

नववीच्या वर्गात विद्युतधारेचा धडा चालू असताना एका मुलीने घरची हीच गोष्ट सांगितली आणि पुढे विचारले, "सर, पॉवर बँक पेट घेऊ शकते म्हणून ती सामानात ठेवू देत नाहीत, हे समजलं. पण मग माणसांच्या मध्ये बरी ठेवू देतात? धोक्याची वस्तू माणसांपासून लांब नको का ठेवायला?"

प्रश्न बिनतोड आहे. रॉकेलचा डबा आपण चुलीपासून दूर ठेवतो. फटाक्यांचे गोदाम वस्तीबाहेर असते. गॅसचे सिलिंडर वाहून नेणारा ट्रक आणि प्रवाशांची बस वेगवेगळे असतात. धोका आणि माणूस यांच्यात अंतर ठेवणे ही सुरक्षिततेची पहिली पायरी मानली जाते. पॉवर बँकेचा नियम मात्र नेमके उलटे सांगतो: ती माणसाजवळच ठेवा, विमानाच्या पोटात देऊ नका.

हा उलटा नियम कोणा एका अधिकाऱ्याच्या डोक्यातून निघालेला नाही. त्यामागे अपघातांची एक लांबलचक मालिका आहे. तिची सुरुवात विमानापासून नव्हे, जहाजापासून करावी लागते. आणि ते जहाज आपल्यापासून फार दूर नव्हते.

जहाजाच्या पोटातली आग

समुद्रमार्गे मालाची ने-आण आपल्या भागाला नवी नाही. नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. जहाजावर डेकवर आग लागली तर ती लगेच दिसते आणि विझवता येते. जहाजाच्या पोटात, मालाच्या थरांखाली लागलेली आग मात्र धूर वर येईपर्यंत कळत नाही, आणि धूर दिसला तरी ती नेमकी कोठे आहे हे समजत नाही.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत हेच घडले. 'फोर्ट स्टायकिन' हे मालवाहू जहाज इंग्लंडहून सुमारे १,४०० टन स्फोटके घेऊन निघाले होते. वाटेत कराचीला त्यात कापसाच्या हजारो गासड्या भरल्या गेल्या. एकाच जहाजात स्फोटके आणि कापूस! कापूस एकदम भडकत नाही. तो आतल्या आत धुमसत राहतो. त्या दिवशी दुपारी धूर दिसला. अग्निशमन दलाचे जवान आले. टनावारी पाणी जहाजात सोडले गेले. पण आगीचे मूळ सापडेना. दुपारी चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला आणि साधारण अर्ध्या तासाने दुसरा. गोदी उद्ध्वस्त झाली, शेकडो माणसे मेली. त्यांत मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जण होते. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो.

या दुर्घटनेतल्या दोन गोष्टी लक्षात ठेवू, कारण त्या पुढे पुन्हा भेटणार आहेत. पहिली, जी आग दिसत नाही आणि जिच्यापर्यंत पोहोचता येत नाही ती सर्वांत वाईट. दुसरी, धोकादायक वस्तू एकटी असते तेव्हा जेवढी धोकादायक असते, त्यापेक्षा चुकीच्या शेजारामुळे कितीतरी पट अधिक होते.

योगायोग असा, की त्याच वर्षी डिसेंबरमध्ये शिकागो येथे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीचा करार झाला. त्याच्या ३५ व्या कलमात युद्धसामग्री विमानातून नेण्यावर बंधन घातले होते. म्हणजे विमानात काय न्यावे आणि काय नेऊ नये, हा विचार करारातच होता. या करारातून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे 'इकाओ', उभी राहिली.

तरीही तपशीलवार नियम यायला बराच काळ गेला, आणि त्यांनाही एका अपघाताची पार्श्वभूमी होती. ३ नोव्हेंबर १९७३ रोजी पॅन ॲम कंपनीचे एक मालवाहू बोइंग ७०७ विमान अमेरिकेतील बोस्टन येथे उतरताना कोसळले आणि तिन्ही कर्मचारी दगावले. विमानात नायट्रिक आम्लाच्या बाटल्या होत्या आणि त्या लाकडाच्या भुशात बसवल्या होत्या. नायट्रिक आम्ल हे तीव्र ऑक्सिडीकारक. ते सेंद्रिय भुशावर सांडले तर काय होईल, हे आपला अकरावीचा विद्यार्थीही सांगेल. धूर विमानचालकांच्या कक्षात शिरला. पुन्हा तेच: चुकीचा शेजार, आणि हात पोहोचणार नाही अशा जागी लागलेली आग.

पुढे १९८१ मध्ये इकाओने धोकादायक मालाच्या हवाई वाहतुकीसाठी कराराला अठरावे परिशिष्ट जोडले. भारतात त्याला अनुसरून २००३ मध्ये स्वतंत्र नियम करण्यात आले. आम्ले, ज्वलनशील द्रव, स्फोटके, किरणोत्सारी पदार्थ अशी वर्गवारी तयार झाली. पण ज्या वस्तूने पुढे या नियमकर्त्यांची झोप उडवली, ती १९८१ मध्ये अजून बाजारात आलीच नव्हती.

पाणी गेले, तेल आले

१८०० साली व्होल्टाने जस्त आणि तांबे (किंवा चांदी) यांच्या चकत्या एकावर एक रचून, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा ठेवून पहिली बॅटरी बनवली. १८५९ मध्ये प्लांटेने पुन्हा भारित करता येणारा शिसे-आम्ल घट केला. आपल्या घरातल्या इन्व्हर्टरची बॅटरी ही त्याचीच वंशज. १८६० च्या दशकात लेक्लांशेचा घट आला आणि त्यापासून टॉर्चमधला कोरडा घट निघाला. या सर्वांत एक गोष्ट समान आहे. दोन इलेक्ट्रोडांमधला द्राव हा पाण्याचा आहे. पाणी जळत नाही.

पण पाण्याच्या घटाला मर्यादा असते. व्होल्टता फार वाढली तर पाण्याचेच अपघटन होऊ लागते. म्हणून कोरड्या घटाचे १.५ व्होल्ट आणि शिसे-आम्ल घटाचे २ व्होल्ट, यापुढे ही गाडी फारशी सरकत नाही. शिवाय शिसे जड. शास्त्रज्ञांचे लक्ष गेले ते सर्वांत हलक्या धातूकडे, लिथियमकडे. लिथियमचा अणू आपला इलेक्ट्रॉन अगदी सहज सोडतो, त्यामुळे व्होल्टता भरपूर मिळते. अडचण एवढीच, की लिथियम पाण्याशी अभिक्रिया करतो. म्हणजे पाण्याचा द्राव चालणार नाही. त्याच्या जागी सेंद्रिय द्रावक घेतले गेले. ते पेट घेतात. आपल्या नियमाचे बीज येथे पडले.

१९७० च्या दशकात स्टॅनली व्हिटिंगहॅम यांनी अमेरिकेत एक्सॉन कंपनीत असताना लिथियम धातू वापरून पुन्हा भारित होणारा घट बनवला. पण पुन:पुन्हा भारित करताना लिथियमच्या पृष्ठभागावर सुईसारखे फाटे वाढत आणि समोरच्या इलेक्ट्रोडला जाऊन भिडत. घट आतल्या आत 'शॉर्ट' होई. १९८० मध्ये जॉन गुडइनफ यांनी धन इलेक्ट्रोडसाठी कोबाल्ट ऑक्साइड सुचवले. १९८५ मध्ये जपानच्या अकिरा योशिनो यांनी लिथियम धातू पूर्णपणे काढून टाकला आणि ऋण बाजूस कार्बनी पदार्थ वापरला. आता घटात धातुरूप लिथियम नव्हता. फक्त लिथियमचे आयन एका इलेक्ट्रोडकडून दुसऱ्याकडे ये-जा करत. म्हणून नाव पडले लिथियम-आयन घट.

योशिनो यांनी आपल्या घटाची परीक्षा घेतली ती पाहण्यासारखी आहे. त्यांनी घटावर लोखंडाचा जड तुकडा टाकला. काही झाले नाही. मग शुद्ध लिथियम असलेल्या घटावर तोच तुकडा टाकला, तेव्हा मोठा स्फोट झाला. नवा घट जुन्यापेक्षा फार सुरक्षित आहे हे त्यातून सिद्ध झाले. १९९१ मध्ये सोनी कंपनीने असे घट बाजारात आणले आणि २०१९ मध्ये या तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

'फार सुरक्षित' म्हणजे 'पूर्ण सुरक्षित' नव्हे. ज्वलनशील द्रावक आत होताच.

बेलगाम तापमान

लिथियम-आयन घट उघडून कोणीही पाहू नये. पण तो आतून कसा असतो ते फळ्यावर काढता येईल. तांब्याच्या पत्र्यावर ग्रॅफाइटचा लेप, ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर धातूच्या ऑक्साइडचा लेप, आणि मध्ये प्लॅस्टिकचा अतिशय पातळ, सच्छिद्र पडदा. पडद्याची जाडी सुमारे २० मायक्रोमीटर, म्हणजे आपल्या केसापेक्षाही कमी. हे सगळे गुंडाळून द्रावकात बुडवलेले असते. दोन्ही बाजूंमध्ये काय आहे, तर फक्त हा पडदा.

आता समजा घट पडला, चेपला, ओव्हरचार्ज झाला किंवा कारखान्यातच आत धातूचा कण राहून गेला. पडद्याला छिद्र पडते. आत शॉर्ट सर्किट होते आणि तो बिंदू तापू लागतो. ग्रॅफाइटवरचा संरक्षक थर विघटित होऊ लागतो व त्यातून आणखी उष्णता निघते. सुमारे १३० अंश सेल्सिअसला पॉलिएथिलीनचा पडदा वितळतो. शॉर्ट सर्किटचे क्षेत्र मोठे होते. तापमान आणखी चढले, की धन बाजूचे ऑक्साइड विघटित होऊन ऑक्सिजन मोकळा करते. म्हणजे जळणारा द्रावक आत, उष्णता आत आणि ऑक्सिजनही आत! आगीचा त्रिकोण आपण पाचवी-सहावीपासून शिकवतो: इंधन, उष्णता, ऑक्सिजन. तिन्हीपैकी एक काढून घ्या म्हणजे आग विझते. या घटाने तिन्ही बाजू स्वतःच्याच पोटात बाळगल्या आहेत. बाहेरची हवा तोडून आतली अभिक्रिया थांबत नाही.

उष्णतेमुळे अभिक्रियेचा वेग वाढतो, वेगामुळे उष्णता वाढते. उतारावर ब्रेक निकामी झालेल्या ट्रकसारखी ही अवस्था असते. एक घट असा पेटला, की शेजारचा तापतो आणि त्याचीही तीच गत होते.

एकेक अपघात, एकेक नियम

२८ एप्रिल १९९९ रोजी लॉस एंजेलिसच्या विमानतळावर जपानहून प्रवासी विमानाने आलेल्या लिथियम बॅटऱ्यांच्या खोक्यांना जमिनीवर हाताळताना आग लागली. आग विझवली तरी पुन्हा पेटली. विमान हवेत असताना हे घडले असते तर, या विचाराने तपासकर्ते हादरले. अशा बॅटऱ्या तोपर्यंत फारशा बंधनाशिवाय जात होत्या. २००६ मध्ये फिलाडेल्फियाला यूपीएस कंपनीचे मालवाहू विमान उतरल्यावर जळाले, कर्मचारी वाचले. मालात लॅपटॉपच्या बॅटऱ्या होत्या, मात्र आगीचे नक्की कारण ठरवता आले नाही. १ जानेवारी २००८ पासून अमेरिकेने सुट्या लिथियम बॅटऱ्या प्रवाशांच्या मोठ्या बॅगेत ठेवण्यास बंदी केली.

३ सप्टेंबर २०१० चा अपघात सर्वांत भीषण. यूपीएसचेच एक बोइंग ७४७ मालवाहू विमान दुबईहून जर्मनीला निघाले. त्यात ऐंशी हजारांहून अधिक लिथियम बॅटऱ्या होत्या. उड्डाणानंतर सुमारे वीस मिनिटांनी आगीची सूचना मिळाली. धूर इतक्या वेगाने भरला, की चालकांना समोरची उपकरणे दिसेनात. परत दुबईकडे वळलेले विमान कोसळले आणि दोघेही चालक मरण पावले. पुढल्या वर्षी कोरियाच्या एशियाना कंपनीचे एक मालवाहू विमान, बॅटऱ्या आणि ज्वलनशील द्रव घेऊन जात असताना, मालाला आग लागून समुद्रात पडले. फोर्ट स्टायकिनच्या पोटातला चुकीचा शेजार येथे पुन्हा दिसतो.

२०१३ साली प्रश्न मालापुरता राहिला नाही. नव्या बोइंग ७८७ विमानांमध्ये विमानाचीच अंगभूत लिथियम-आयन बॅटरी होती. जानेवारीत जपानी कंपन्यांच्या दोन विमानांत ती बिघडली. जगभरची ही विमाने जमिनीवर उभी राहिली. त्यांत एअर इंडियाची सहा होती. उपाय काय केला? बॅटरीला पोलादी पेटीत बंद केले आणि धूर थेट विमानाबाहेर जाईल अशी नळी जोडली. बॅटरी कधीच बिघडणार नाही अशी खात्री कोणी दिली नाही. बिघडली तरी विमान वाचेल, अशी व्यवस्था केली. अभियांत्रिकीतला हा प्रामाणिकपणा विद्यार्थ्यांना जरूर सांगावा.

१ एप्रिल २०१६ पासून इकाओने प्रवासी विमानातून लिथियम-आयन बॅटऱ्यांचा नुसता माल नेण्यावर बंदी आणली. त्याच वर्षी सॅमसंगच्या नोट ७ या फोनच्या बॅटऱ्या पेटू लागल्या आणि आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने सप्टेंबरमध्ये तो विमानात चालू करण्यास वा चार्ज करण्यास मनाई केली. कंपनीने पुढे जी कारणे शोधली, ती म्हणजे बॅटरीच्या कोपऱ्यात दबलेला इलेक्ट्रोड आणि वेल्डिंगचे टोकदार अवशेष. अखेर गाडी त्या पातळ पडद्याशीच येऊन थांबली.

मुलीच्या प्रश्नाचे उत्तर

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. काही विद्यार्थी सांगतील, की विमानाच्या पोटात हवेचा दाब कमी असतो, म्हणून बॅटरी फुटते. हा गैरसमज आहे. मोठ्या प्रवासी विमानाचा सामानकक्षही प्रवासी कक्षाइतकाच दाबयुक्त असतो. शिवाय वाहतुकीपूर्वी या बॅटऱ्यांच्या नमुन्यांना कमी दाब, कंपने, धक्के, शॉर्ट सर्किट अशा चाचण्यांतून जावे लागते.

खरे कारण वेगळे आहे. सामानकक्षात आग लागली तर तेथे हॅलॉन नावाचा वायू सोडला जातो. तो ज्वालेतली रासायनिक साखळी तोडतो, आणि कपडे वा कागद यांच्या आगीवर उत्तम काम करतो. पण तो घटाला थंड करीत नाही, आणि घटाच्या आतली अभिक्रिया त्याला जुमानत नाही. २०१७ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने एक प्रयोग मांडला. सुटकेसमध्ये लॅपटॉप आणि त्याला लागून केसांना लावायच्या फवाऱ्याचा डबा ठेवला, आणि लॅपटॉपची बॅटरी मुद्दाम तापवली. मिनिटाच्या आत डबा फुटला. अशा स्फोटापुढे हॅलॉनची यंत्रणा हतबल ठरू शकते. कोणाच्या सुटकेसमध्ये बॅटरीशेजारी काय असेल, हे कोणालाच माहीत नसते.

प्रवासी कक्षात मात्र शेजारी माणूस असतो. त्याला वास येतो, चटका लागतो, धूर दिसतो. तो ओरडतो. कर्मचारी एका मिनिटात पोहोचतात. ते ज्वाला विझवतात आणि मग त्या वस्तूवर पाणी किंवा दुसरे न पेटणारे पेय ओततात, जेणेकरून उरलेले घट थंड राहावेत. "लिथियमवर पाणी कसे?" असे विद्यार्थी विचारतील. त्यांना योशिनोंची आठवण करून द्यावी. या घटात धातुरूप लिथियम जवळजवळ नसतोच. येथे पाण्याचे काम उष्णता शोषणे हे आहे.

थोडक्यात, नियम असे म्हणत नाही, की पॉवर बँक माणसांजवळ सुरक्षित आहे. तो म्हणतो, की ती पेटणारच असेल तर डोळ्यांसमोर पेटू दे. माणूस हाच येथे सर्वांत चांगला धूरशोधक आहे, आणि आग विझवणारा हातही त्याचाच आहे. मुंबईच्या गोदीत आगीचे मूळ सापडले नाही. हा नियम ते हाताशी ठेवतो.

शंभरचा आकडा

हातातल्या बॅगेतही कितीही मोठी पॉवर बँक चालत नाही. १०० वॅट-तासांपर्यंतची नेता येते, १०० ते १६० वॅट-तासांची विमान कंपनीच्या परवानगीने, आणि १६० च्या पुढची प्रवाशाला नेताच येत नाही. संख्येवर मर्यादा असते ती वेगळी; ती प्रवासापूर्वी आपल्या विमान कंपनीकडून पाहून घ्यावी.

वेष्टनावर मात्र मिलिअँपिअर-तास छापलेले असतात. वर्गात हे गणित करून घ्यावे. ऊर्जा = व्होल्टता × प्रभार. घटाची सरासरी व्होल्टता ३.७ धरली, तर २०,००० मिलिअँपिअर-तास म्हणजे २० अँपिअर-तास. २० × ३.७ = ७४ वॅट-तास. चालेल. ३०,००० असेल तर १११ वॅट-तास, परवानगी हवी. ५०,००० असेल तर १८५, घरी ठेवावी. येथे मुले एक चूक हमखास करतात. पॉवर बँकेतून ५ व्होल्ट मिळतात म्हणून ती ५ ने गुणतात. पण २०,००० हा आकडा साधारणपणे आतल्या घटांचा असतो, बाहेर मिळणाऱ्या प्रवाहाचा नाही.

७४ वॅट-तास म्हणजे किती? ७४ ला ३६०० ने गुणले की सुमारे २,६६,००० ज्यूल. ३० अंशांवरचे एक लीटर पाणी ९० अंशांच्या वर नेण्याइतकी ही ऊर्जा आहे. चार-पाच कप चहाचे आधण तळहाताएवढ्या डबीत! आणि ही झाली साठवलेली विद्युत ऊर्जा. द्रावक जळून निघणारी उष्णता त्याहून वेगळी.

टोके उघडी असलेल्या सुट्या बॅटऱ्या झाकून न्या, असाही नियम आहे. पर्समध्ये किल्ल्या आणि नाण्यांबरोबर सुटी बॅटरी टाकली, तर किल्लीच तार बनते.

नियम अजून लिहिला जात आहे

२८ जानेवारी २०२५ च्या रात्री दक्षिण कोरियात गिम्हे विमानतळावर एअर बुसान कंपनीचे एक विमान उड्डाणापूर्वीच पेटले. आतली १७६ माणसे बाहेर पडू शकली, विमान जळाले. आग डोक्यावरच्या सामानाच्या कप्प्यात दिसली होती आणि तपासात संशय पॉवर बँकेवर गेला. मार्चपासून कोरियाने पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवण्यास मनाई केली. कारण उघड आहे. कप्पा माणसांच्या कक्षात असला तरी झाकण लावले की तोही लहानसा सामानकक्षच होतो.

आपल्याकडे १९ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीहून दिमापूरला निघालेले इंडिगोचे विमान जमिनीवरून धावत असताना एका प्रवाशाच्या पॉवर बँकेने पेट घेतला. कर्मचाऱ्यांनी आग तत्काळ विझवली आणि कोणाला इजा झाली नाही. नियमाने जे गृहीत धरले होते, तसेच घडले. पुढच्या महिन्यात महासंचालनालयाने सूचना काढली: पॉवर बँक फक्त हातातल्या सामानात, वरच्या कप्प्यात नको, आणि विमानात तिच्यावरून फोन चार्ज करणेही नको.

आणि घरी?

इतका विचार आपण विमानासाठी केला. त्याच जातीच्या बॅटऱ्या आपल्या घरात मात्र कशा असतात?

सप्टेंबर २०२२ मध्ये वसई पूर्वेला एका घरात विजेवरच्या स्कूटरची बॅटरी काढून रात्री खोलीत चार्जिंगला लावली होती. पहाटे तिचा स्फोट झाला. त्याच खोलीत झोपलेला सात वर्षांचा मुलगा गंभीर भाजला आणि काही दिवसांनी दगावला. तो आपल्या कोणाच्या तरी वर्गात बसणाऱ्या मुलांच्याच वयाचा होता.

अशा स्कूटरची बॅटरी साधारण दीड-दोन किलोवॅट-तासांची असते. म्हणजे २०,००० मिलिअँपिअर-तासांच्या किमान वीस पॉवर बँका एकत्र. प्रवाशाला जिच्यासह विमानात पाऊल ठेवता येणार नाही, ती बॅटरी एका खोलीच्या घरात, सगळे झोपलेले असताना, पहाटेपर्यंत चार्ज होत असते. त्या वर्षी देशात अशा अनेक आगी लागल्या आणि डिसेंबर २०२२ पासून केंद्र सरकारने वाहनांच्या बॅटऱ्यांच्या चाचण्या कडक केल्या. त्याने नव्या बॅटऱ्या सुधारतील. पण बॅटरी कोठे आणि केव्हा चार्ज करावी, हे आपल्या घरात येऊन सांगणारा कर्मचारी नाही.

विमानाचा नियम आपण घरी आणू शकतो. बॅटरी जागेपणी चार्ज करावी, उशीखाली किंवा गादीवर नको. घराचा दरवाजा अडेल अशा जागी नको. आपल्याकडच्या इमारतींत जिन्याखाली मीटरच्या शेजारी स्कूटर चार्ज करतात, ती तर सर्वांची बाहेर पडण्याची वाट असते. फुगलेली, पडून चेपलेली किंवा विनाकारण तापणारी बॅटरी वापरू नये. चार्जर मूळचाच असावा, आणि नवी पॉवर बँक घेताना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणीखूण पाहावी. एकट्या माणसाने मोठी बॅटरी विझवण्याचा प्रयत्न करू नये. सर्वांना बाहेर काढून १०१ वर अग्निशमन दलाला कळवावे.

अग्निशमन सप्ताहात किंवा विद्युतधारेच्या धड्याला जोडून एक छोटा उपक्रम करता येईल. प्रत्येक विद्यार्थ्याने घरातल्या पुन्हा चार्ज होणाऱ्या सर्व बॅटऱ्यांची यादी करावी: फोन, पॉवर बँक, लॅपटॉप, इमर्जन्सी दिवा, स्कूटर. प्रत्येकीचे वॅट-तास काढावेत. त्यापुढे तीन रकाने आखावेत: कोठे चार्ज होते, कोणत्या वेळी, आणि त्या वेळी घरात जागे कोण असते. तिसरा रकाना भरताना मुले आपोआप पालकांशी बोलतील.